भंडारा लाल झाला तवा

बसा सर, पुढंच बसा. मागं कांद्याच्या गोण्या हायत, पँट खराब व्हईल तुमची. दार जरा जोरात ओढा, ते नुसत्या हातानं लागत न्हाई. हां, लागलं. वाडीच्या शाळंवर नवीन आलाय न्हवं तुम्ही, विज्ञानाला? मगाशी शिक्रापूरच्या फाट्यावर पानवाला म्हणाला, म्हणून तर गाडी थांबवली. म्या मच्छिंद्र. गाव माझं वरवंड, पण वाडीत बहीण दिलीय, त्यामुळं हप्त्याला एक फेरी असतीच. रस्ता पार उखडलाय, वाडी यायला येळ लागंल. तवर एक गोष्ट सांगतो. ऐकण्यासारखी हाय. सांगता सांगता माझा आवाज चढंल, पण तो तुमच्यावर चढलेला न्हाई, एवढं ध्यानात ठेवा.

माझ्या बहिणीचं नाव गिताबाई. तिची थोरली पोर स्वप्नाली. सत्त्याण्णव साली धाव्वीला बसली. आमच्यात त्या आधी कुणी पोर धाव्वीला बसली न्हवती. आमचा आज्जा मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा, बापानं मेंढरं इकून जमीन केली, म्या चौथीतनं पळालो आन् गाडीवर किन्नर, म्हंजी क्लीनर, झालो. तवा स्वप्नाली बोर्डाला बसली ह्याचंच आमाला केवढं. निकाल लागला. मराठी पास, गणित पास, इतिहास-भूगोल पास. विज्ञानात गेली.

म्या गेलो तुमच्या शाळंत. तुमच्या आधीचं सर व्हतं तवा. म्हणलं, सर, पोर हुशार हाय, गणितात पास हाय, मग ह्यात कशी काय गेली? तर म्हणाले, "रसायनशास्त्र कच्चं आहे तिचं."

त्यांच्या पाठीमागंच कपाट व्हतं. काचंचं. आत बाटल्या, काचंच्या नळ्या, निळ्या-तांबड्या कागदाच्या पुड्या, एक पितळंचा दिवा. समदं कसं वळीनं मांडलेलं, देव्हाऱ्यात मांडावं तसं. कुलपाला गंज चढलेला. म्हणलं, "सर, पोरांनी ह्ये कवा हाताळलं?"

"हाताळायला ते काय खेळणं आहे का? ॲसिड असतं त्यात. सांडलं, फुटलं, तर तपासणीला साहेब येतात त्यांना काय दाखवू?"

"मग पोरं शिकत्यात कसं?"

"पाठ करतात की."

सर, तुम्ही आत्ता माझ्या शेजारी बसलाय. म्या जर गाडी चालवायचं पाठ करून आलो असतो, क्लच म्हंजी काय, बिरेक म्हंजी काय, एकदाबी पाय न लावता, तर बसला असता का? न्हाई बसला. उतरून चालत गेला असता. पण पोरींच्या बाबतीत चालतं. तिथं पाठ चालतं. बघा, चढला आवाज. जाऊ द्या.

ऑक्टोबरला पुन्ना परीक्षा असती, एका विषयाला बसता येतं, ह्ये मला दबोराबाईंनी सांगितलं. दबोराबाई म्हंजी शिरूरला मिशनच्या आवारात राहायच्या त्या. जल्मभर शाळंत शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचं मालक येशुदास दौंडला रेल्वेत गार्ड व्हतं. ते रिटायर झाल्यावर दौंडच्या क्वार्टरातनं त्यांचं सामान शिरूरला म्याच आणलं, ह्याच्या आधीच्या गाडीत. वाटंत एक बरणी फुटली तर बाई मला म्हणाल्या, "मच्छिंद्रराव, बरणीचं राहू द्या, हाताला लागलं का?" असल्या बाई. त्यांना म्हणलं, माझी भाची एवढी काढून द्या. तर म्हणाल्या, "तिला पाठवा. पण आधीचं सगळं विसरून यायला सांगा. पहिल्यापासून उजळणी करू."

झालं सुरू. स्वप्नाली यष्टीनं शिरूरला जायची, दुपारच्या गाडीनं यायची. अणू म्हंजी काय, मूलद्रव्य म्हंजी काय, पाण्यात काय काय असतं, लोखंडाला गंज का चढतो. बाईंकडं काय प्रयोगशाळा न्हवती. स्वैपाकघरात बसवायच्या. मीठ, साखर, चिंच, खायचा सोडा. आंबट लागतं त्ये आम्ल. बोटाला बुळबुळीत लागतं त्ये आम्लारी. दोन्ही एकात घातली की दोघांचाबी जोर जातो. पोर घरी आली की आईला ऐकवायची. गिताबाईला काय कळायचं न्हाई, पण भाकरी थापता थापता "व्हय का गं" म्हणायची. तिला बरं वाटायचं, पोर बोलती म्हणून.

आता त्या दिसांत गिताबाईचं दूध डेअरीवरनं माघारी यायला लागलं. आंबट वास येतो म्हणून. स्वप्नालीनं किटली हुंगली आन् म्हणाली, "आये, दूध चांगलं हाय, किटली नासवती त्याला. सांदीत कालचं आंबट ऱ्हातंय. आंबट म्हंजी आम्ल. त्याला सोड्यानं मारायचं." आन् धुण्याचा सोडा पाण्यात कालवून किटली आतनं-बाहीरनं घासली. आतनं चांगली इसळून घेतली. बाहीरनं तशीच पालथी घातली, कारण त्या साली पाण्याचा टँकर यायचा, आन् टँकरचं पाणी कुणी बाहीरच्या अंगाला घालवत न्हाई. दुसऱ्या दिशी दूध माघारी आलं न्हाई. तिसऱ्याबी न्हाई. पोर अशी खूश, का जणू बोर्डात पहिली आली.

मंग आला आयतवार.

आयतवार म्हंजी आमच्या खंडोबाचा वार. आमच्या बायका त्या दिशी धार काढायच्या आधी भंडाऱ्याचं बोट लावत्यात. एक म्हशीच्या कपाळाला, एक किटलीला. गिताबाईनं म्हशीला लावलं. मंग किटली उचलली, पहाटंच घासलेली, वली व्हती, तिच्या खांद्याला बोट लावलं. आन् बघतीय तर पिवळं बोट तांबडं व्हायला लागलं. तिच्या डोळ्यादेखत. पार रगतावानी.

तिच्या हातातनं किटलीच पडली.

आरडायचं कारण न्हवतं, पण ती आरडली, आन् शेजारच्या खोपीतनं हौसराव आला. हौसराव म्हंजी तिचा थोरला दीर. संपत, माझा दाजी, तो गरीब माणूस. रांजणगावला कंपनीत हेल्पर, शिफ्ट करायचा आन् झोपायचा. घरात शब्द चालायचा हौसरावचा. आन् हौसरावच्या मनात काय व्हतं त्ये सांगतो, म्हंजी पुढचं कळंल. त्याला स्वप्नाली त्याच्या मेव्हण्याच्या पोराला द्यायची व्हती. दसऱ्यानंतर बार उडवायचा. पोर नापास झाली तवा त्याला आतनं गुदगुल्या झाल्या व्हत्या. पुन्ना परीक्षेला बसती म्हणल्यावर त्याचं त्वांड उतरलं.

त्यानं किटली बघितली आन् कपाळाला हात लावला. "गिताबाई, देवानं रगात दाखवलं. म्या म्हणत व्हतो का न्हाई? आपली पोर त्या किरिस्तावाच्या घरात जाती, तिथलं खाती-पिती, आन् त्याच हातानं आपल्या किटलीला शिवती. मल्हारी गप बसंल व्हय?"

म्हशीच्या कपाळावरचं बोट पिवळंधम्मक व्हतं, सर. पण तिकडं बघतो कोण.

किटली कोपऱ्यात पालथी पडली, तिला कुणी शिवंना. शिरूर बंद. हौसरावनं ठरवलं, पुढच्या आयतवारी तळी उचलायची, देवाची माफी मागायची, आन् गिताबाईनं त्याच किटलीला पुन्ना बोट लावायचं. पिवळं ऱ्हायलं तर पोर परीक्षेला बसंल. लाल झालं तर देवाची मर्जी न्हाई, त्याच दिशी पाव्हण्यांना निरोप जाईल. संपत म्हणाला, "दादा म्हणतो तसं."

मला ह्ये कळलं तवा म्या गाडी घिऊन आधी शिरूर गाठलं. दबोराबाई परसात धुणं वाळत घालत व्हत्या. म्हणलं, बाई, असं असं झालं, पोर काय यायची न्हाई. बाई शांत असायच्या कायम. त्या दिशी त्यांच्या हातातला पंचा असा पिळला गेला का मला वाटलं फाटतोय.

"मी तिला प्रार्थना शिकवत नाही, मच्छिंद्रराव. संयुजा शिकवते."

म्हणलं, "ते मला काय कळतंय बाई? पण म्या त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नका. मी आले तर अजून पेटेल. तुम्ही एवढं करा, तिची उजळणी थांबू देऊ नका. रोज तिच्याकडून म्हणून घ्या."

"म्या? चौथी नापास?"

"ऐकायला कान लागतात. ते आहेत ना?"

मंग काय. म्या बहिणीकडंच मुक्काम टाकला, कांद्याचं भाडं सोडलं. दुपारी गोठ्यात कडब्यावर बसायचो, समोर स्वप्नाली. पोरीचं त्वांड रडून सुजलेलं. मला म्हणती, "मामा, खरंच माझ्यामुळं झालं असंल का वं?" बघा. आम्ल-आम्लारी शिकलेली पोर. तीबी भ्यायली व्हती. मला तिचा राग न्हाई आला. मला त्या कुलपाचा राग आला.

म्हणलं, "त्ये ऱ्हाऊ दे. तू म्हण, म्या ऐकतो. चुकलीस तर मला कळणार न्हाई, पण अडखळलीस तर कळंल."

ती म्हणायला लागली. गाडीच्या हार्नवानी एका सुरात. "आम्ल निळा लिटमस तांबडा करते. आम्लारी तांबडा लिटमस निळा करते. जे पदार्थ आम्ल व आम्लारी यांच्या सान्निध्यात रंग बदलतात त्यांना दर्शक म्हणतात. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे. हळदीचा रंग आम्लारीमध्ये लाल..."

आन् थांबली.

म्हणलं, "अडखळलीस."

ती कोपऱ्यात पालथ्या किटलीकडं बघत बसली. म्हस रवंथ करत व्हती. मंग लई हळू म्हणाली, "मामा, सोडा आम्लारी असतो."

"मंग?"

"म्या किटली सोड्यानं घासलीय. बाहीरनं धुतलीच न्हाई." आन् एकदम डोक्याला हात लावला तिनं. "मामा, ह्ये म्या पेपरात लिवलंय. मार्चच्या पेपरात. रिकाम्या जागा भरा, हळदीचा रंग आम्लारीमध्ये डॅश होतो. म्या लाल लिवलं व्हतं. बरोबर आलं आसंल ते. आन् घरात झालं तवा..."

 रडायला लागली, पण ह्ये रडणं येगळं व्हतं, रागाचं व्हतं. सर, पोरीला पाठ व्हतं. धाव्वीच्या पेपरात लिवून आली व्हती. पण डोळ्यानं कवा बघितलं न्हवतं, म्हणून तिच्या दारात त्येच घडलं तवा तिनंबी त्याला रगातच म्हणलं. शाळंच्या त्या कपाटात सोडाबी पडून व्हता, सर. चिमूटभर हळद टाकायला काय लागत व्हतं?

म्या म्हणलं, आता सोप्पं हाय. आयतवारच्या आधी गुपचूप किटली धुऊन ठेव. बोट पिवळं ऱ्हाईल, हौसरावचं त्वांड बंद, तू परीक्षेला.

ती म्हणाली, "न्हाई मामा. म्हंजी आई म्हणंल देवानं माफ केलं. पुन्ना कवा वल्या सोड्यावर बोट पडलं की पुन्ना भ्यायची. आन् दर बारीला किटली धुवायला म्या कुठवर पुरणार?"

म्हणलं, "मंग कर काय करायचं त्ये. लिंबू आणू का? आंबट असतं."

"लिंबू नको. लिंबू दिसलं की चुलते करणी म्हणत्याल. ताकावरचं पाणी चालंल, आंबट झालेलं."

तिथं म्या मान तुकवली. हौसरावला तिनं माझ्यापेक्षा चांगला वळखला व्हता.

आयतवारी सकाळी अंगणात घोंगडी अंथरली. तांब्याचं ताम्हण, खोबरं, पानं, मधी भंडारा. भावकी जमली. येळकोट म्हणून तळी उचलली, खोबरं वाटलं. मंग हौसरावनं काठीनं ढकलत ती किटली मधी आणली, हातानं न्हाई. म्हणाला, "गिताबाई, लावा बोट."

गिताबाई किटलीपुढं बसली. स्वप्नाली तिच्या शेजारी जाऊन बसली. हौसराव म्हणाला, "तू लांब हो."

"म्या किटलीला शिवत न्हाई, आप्पा. आईशी बोलती." मंग आईला म्हणाली, "आये, आत्याच्या लग्नात हळदीची धोतरं कुणी धुतली व्हती?"

"म्याच की."

"साबण लावल्यावर हळदीचा डाग कसा दिसायचा?"

"लाल."

"मंग?"

गिताबाई म्हणाली, "अगं ती हळद. ह्यो भंडारा."

समद्या बायकांनी माना हलवल्या. आन् सर, इथंच तर समदी मेख व्हती. आमच्यात भंडारा लागलेलं कापड साबणानं कुणी धूत न्हाई. देवाचा असतो, नुसत्या पाण्यात खंगाळायचं, पाणी झाडाला घालायचं. म्हणून भंडारा लाल झालेला कुणी जल्मात बघितलेला न्हाई. हळद धा येळा लाल झालेली समद्यांनी बघितलीय. पण दोन्ही एकच, ह्ये कुणाच्या मनालाच शिवलं न्हाई.

"लाव बोट, आये," स्वप्नाली म्हणाली. "लालच व्हणार हाय. भिऊ नको."

गिताबाईनं बोट वलं केलं, भंडाऱ्यात बुडवलं, किटलीला टेकवलं. लाल झालं. माणसं मागं सरकली. हौसराव उठलाच, "झालं. बघितलं समद्यांनी. निरोप धाडा."

"थांबा वाईच, आप्पा." स्वप्नालीनं ताकाचं भगुलं आईपुढं सरकवलं. "आये, ह्यातलं वरचं पाणी बोटानं घे आन् त्याच्यावर टाक. तूच टाक. म्या टाकलं तर बाईनं शिकवलं म्हणत्याल."

"देवाच्या भंडाऱ्यावर ताक?" हौसराव म्हणाला.

 तवा म्या म्हणलं, "हौसराव, देवाला दह्या-दुधानं आंघूळ घालता न्हवं? मंग ताकानं काय बाटतो का तो? बस खाली."

गिताबाईनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. लई येळ बघितलं. मंग बोट बुडवून टाकलं पाणी. एकदा, दोनदा. बोटानं फिरवलं.

पिवळं झालं, सर. लाल डाग समद्यांच्या देखत माघारी पिवळा झाला.

 हौसराव म्हणाला, "ही जादू त्या बाईची."

आन् मंग माझी बहीण उठली. तिला म्या कवा आवाज चढवलेला ऐकला न्हवता. तवाबी चढवला न्हाई. "भावजी, तुमच्या ल्योकाच्या लग्नात हळदीचा टॉवेल माझ्याच हातात लाल झाला व्हता. तवा कुणाचं लगीन मोडलं? तवा देवानं कुणाला रगात दाखवलं? तवा तर म्हणालात, गिताबाई, साबण जास्त लागला, पाणी घाला." तिनं किटली उचलली, कडंवर घेतली. "म्हशीच्या कपाळाला बोट लावलं ते पिवळं ऱ्हायलं व्हतं. म्या बघितलं व्हतं त्या दिशी. पण तुम्ही बोलला आन् म्या तुमचं ऐकलं."

संपतकडं वळून म्हणाली, "पोर उद्या शिरूरला जाणार हाय. तुमी काय म्हणता?"

संपत घोंगडीचा काठ खुडत व्हता. म्हणाला, "पयल्या यष्टीनं जाऊ दे."

बास. एवढंच बोलला, पण बोलला.

पोर परीक्षेला बसली, पास झाली. मार्कं इचारू नका, काठावरचीच हायत. बारावी केली, आता दौंडला दिलीय, तिकडं तिला बरं हाय. तिच्या सासूनं हळदीची साडी लाल झालेली बघून एकदा काय तरी म्हणलं, तर ही म्हणं तिला धडाच देत बसली. दबोराबाई परवाच्या साली गेल्या. त्यांच्या मातीला म्या व्हतो, गिताबाईबी व्हती, डोक्यावर पदर घिऊन शेवटपत्तूर उभी.

पण हौसराव बदलला न्हाई, सर. असली माणसं बदलत न्हाईत. त्याला तिसरी नात झाली तवा त्यानं नाव काय ठेवलं म्हाईतीय? नकुशी. नको व्हती म्हणून नकुशी. आता तुमच्या नववीत हाय ती. बारीक हाय, दोन येण्या, मागच्या बाकावर बसती आन् कुणी इचारल्याबिगर बोलत न्हाई. हौसराव आत्तापासनं म्हणतोय, धाव्वीत गेली की बघू. तो कशाची वाट बघतोय त्ये तुम्हाला आता सांगायला नको.

ही आली बगा शाळा. त्या खिडकीतनं कपाट दिसतंय न्हवं, तेच ते. काच तशीच, बाटल्या तशाच. कुलूपबी तेच हाय, म्या मागल्या महिन्यात बघून आलोय. किल्ली न्हाई म्हणले कुणी, तर माझ्या डिक्कीत हातोडा हाय, आत्ताच देतो तुम्हाला.

सर, ते कपाट उघडा. आन् पहिली नळी नकुशीच्या हातात द्या. फुटली तर फुटू द्या.